मामाची ओ

मॉसन लेक्स, ॲडलेड
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहून गेलो. हाताला सवय. खोडायला पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. राहू दे तसंच. तुला चालत नसेल तर कळव.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुम्हा लोकांचे आवाज फाटतात. इथल्या नेटवर्कचा सगळा आनंदीआनंद आहे. शिवाय नातू हृषिकेश सकाळी युनिव्हर्सिटीत गेला की या घरात माझ्याशी बोलायला फक्त फ्रीज उरतो. लिहिण्यात दुपार बरी जाते.

आता कामाचं. १२ एप्रिलला शैलेंद्रला जाऊन वर्ष होईल. व्हिसाने मला पुण्यात अडकवून ठेवलं आणि भाच्याला शेवटचं बघणंही झालं नाही. आता मी या देशात आहे आणि गुडघे अजून ऐकताहेत. ओबेरॉन गावाच्या पुढच्या जंगलात तो दर एप्रिलला ज्या खडकावर जाऊन बसायचा, तिथे मला जायचं आहे. तू आणि लेक उर्वी, दोघी चला. मी नेतो.

तुला आमची पद्धत माहीत नसेल म्हणून सांगतो. तो दहा वर्षांचा असताना बहिणीने त्याला माझ्या हवाली केला. आठवडाभर भोसरीच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा दणदणाट ऐकायचा आणि रविवारी पोरं घेऊन डोंगर गाठायचा, हा माझा क्रम. शैलेंद्र सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे. वळणाआड गेला की तो हाक मारायचा, “मामा होऽऽ”, आणि मी मागून ओ द्यायची. ओ आली म्हणजे सगळे आहेत, कोणी मागे राहिलेलं नाही. ओ आली नाही तर पुढच्याने जागचं हलायचं नाही. त्याच्या पायाला भिंगरी होती, पण हा नियम त्याने कधी मोडला नाही.

तेव्हा बेत असा. पहाटे चारला निघू आणि उजाडायच्या आत रानात शिरू. मोठ्या रस्त्याने जाण्यात राम नाही. गुरांच्या वाटा शोधायच्या, त्या डोंगराला बरोबर धरून चढतात. माझी खाकी पँट, तपकिरी माकडटोपी आणि काठी तयार आहे. तू फक्त धपाटे कर.

तुझा,
मुरलीधरमामा

*

स्कोफिल्ड्स, सिडनी
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
सा. नमस्कार.

‘सौ.’ खोडलं नाहीत ते बरं केलंत. वर्षभर इथे प्रत्येक फॉर्मवर ‘विडो’च्या चौकोनात टिक करतेय. एका ठिकाणी तरी जुनं राहू दे.

पण मामा, धपाटे सोडले तर तुमच्या बेतातली एकही गोष्ट चालणार नाही. रागावू नका, सांगते.

ते जंगल सरकारी आहे आणि तिथे शिकारीला परवानगी आहे. चोरून नाही, रीतसर परवाना आणि त्या दिवसाचं बुकिंग करून लोक येतात. एप्रिल हा तिथल्या हरणांचा माजाचा हंगाम. नर ओरडत उघड्यावर येतात आणि त्यांच्या मागोमाग बंदुका येतात. शिकारी बसतात ते पहाटे आणि संध्याकाळी, कारण तेव्हाच हरणं हलतात. म्हणजे तुमची चारची वेळ हीच नेमकी टाळायची वेळ.

दुसरं म्हणजे, तिथे गुरं नाहीत. तुम्हाला जी गुरांची वाट वाटेल ती हरणांची वाट असेल. तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दुर्बीण लावून बसलेलं असेल, आणि अंधुक उजेडात नेच्यांच्या झुडपामागे एक तपकिरी माकडटोपी हलेल. पुढचं वाक्य मी लिहीत नाही.

मी उर्वीला म्हटलं, ब्लू माउंटन्समध्ये जाऊ, नॅशनल पार्कमध्ये, तिथे असलं काही नाही. ती म्हणाली, “देन इट्स नॉट बाबाज प्लेस.” तेव्हा जायचं तिथेच, पण माझ्या पद्धतीने. सकाळ चांगली वर आल्यावर गाडी लावायची, दुपार कलायच्या आत परत. घड्याळं मागे गेलेली असतील, साडेपाचला काळोख होतो. मोठ्या मळलेल्या वाटेवरूनच चालायचं. सगळ्यांनी नारिंगी घालायचं, ते झगझगीत, डोळ्यांत खुपणारं. मोठ्याने बोलत जायचं. नचिकेत, शैलेंद्रचा पॅरामॅटाच्या ऑफिसातला मित्र, बरोबर येतोय. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून तो बीकन आणणार आहे. बटण दाबलं की मदत येते. कुठून जाणार, कधी परतणार हे हृषिकेशला लिहून देऊ.

पाइनच्या झाडीत वारा असला की हाक पोचत नाही, असं नचिकेत म्हणतो. म्हणून शिट्टी. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मागच्याने शिट्टीनेच उत्तर द्यायचं.

शैलेंद्रचं नारिंगी जॅकेट अजून गॅरेजमध्ये टांगलेलं आहे. ते तुम्ही घाला. तुम्हाला सैल होईल.

आणि मामा, एकदा फोनवर बोलू या ना. मी तीनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. काही राग असेल तर तसं सांगा.

तुमची,
सरिता

*

मॉसन लेक्स
२७ फेब्रुवारी

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस फुगून बसलो होतो. अर्धं आयुष्य डोंगर तुडवले आणि आता भाचेसून मला चालायला शिकवते. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र हृषिकेशला दाखवलं. त्याने बाजू घेतली ती तुझी. घरचा भेदी तो हाच.

तरी मान्य. ज्या रानाची वाट माहीत नाही तिथे तिथल्या माणसाचं ऐकावं, हे मीच पोरांना शिकवत आलो. पहाट रद्द, गुरांच्या वाटा रद्द, माकडटोपीला मूठमाती. राग कसला? टोपीचा होता, तो गेला.

जॅकेट घालीन. सैल झालं तरी घालीन.

माझी एकच अट. मी मागे चालणार. ती माझी जागा आहे, तिथे मी नचिकेतला उभा करू देणार नाही. शिट्टी पाठवून दे. ऐकू येईल, त्याची काळजी नको.

उर्वीला मात्र जरा समजाव. जानेवारीत तुमच्याकडे आठवडाभर होतो, पोरगी माझ्याशी धड बोलली नाही. समोर येऊन बसते, नुसते ओठ हलवते आणि मग फोनमध्ये डोकं घालते. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. तिच्या बापाची हाक दोन टेकड्या ओलांडून यायची.

मामा

*

स्कोफिल्ड्स
११ मार्च

ती. मामांना,
सा. नमस्कार.

शनिवारी आम्ही तिघं ती वाट चालून बघून आलो, उर्वी, नचिकेत आणि मी. जंगलाच्या तोंडाशी मोठी पाटी आहे, इथे शिकार चालते म्हणून. पाटीखाली एक जुना ट्रक उभा होता आणि नारिंगी टोपीतले एक म्हातारे गृहस्थ थर्मासातला चहा पीत बसले होते. नचिकेतने जाऊन सरळ विचारलं. ते म्हणाले, ते पहाटेच बसतात आणि नऊच्या सुमाराला उठतात, पण सगळेच उठतात असं नाही. आम्ही कोणत्या वाटेने जाणार ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, “यू जस्ट कीप यॅपिंग, मेट. अ डीअर डझन्ट यॅप.” म्हणजे बडबडत राहा, हरीण बडबडत नाही. निघताना उर्वीच्या टोपीकडे बघून त्यांनी अंगठा वर केला.

वाट चांगली आहे. पाइन संपले की गमट्री, म्हणजे निलगिरी, लागतात, मग चढ, मग खडक. खडकाच्या थोडं अलीकडे असताना लांबवर बार झाला. खूप लांब होता, नचिकेत म्हणाला, दुसऱ्या डोंगराच्या पलीकडे. उर्वी जागच्या जागी थिजली. मी शिट्टी मारायची तेही विसरले. मग आम्ही तिघंही मोठ्याने बोलायला लागलो आणि बोलायला काही सुचेना, म्हणून नचिकेतने ऑफिसातल्या प्रिंटरची गोष्ट सांगितली. खडकावर न जाताच परतलो. बाबानंतर तिथे पहिल्यांदा तुमच्याबरोबरच जायचं, असं उर्वी म्हणाली.

म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय. गाडीत मी तिला म्हटलं, मामाआजोबांशी जरा बोलत जा. ती म्हणाली, “आय डोन्ट थिंक ही लाइक्स मी, आई.” जानेवारीत तिने तुम्हाला तीनदा विचारलं होतं, बाबा लहानपणी कसा होता. तीनही वेळा तुम्ही हसलात आणि टीव्हीकडे बघायला लागलात. तिने मग विचारणं सोडलं.

तेव्हाच स्वयंपाकघरात मीही तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्ही मटार सोलत होता. तुम्ही मान वर केली नाहीत, एक शेंग संपवून दुसरी घेतलीत. उत्तर न देणं हेच तुमचं उत्तर, असं मी धरून चालले आहे. त्यावर आता बोलायला नको. फक्त माझ्यावरचा राग पोरीवर काढू नका, एवढंच मागते.

पार्सलमध्ये शिट्टी आहे आणि एक नारिंगी टोपी, उर्वीने निवडलेली. हृषिकेशबरोबर शिट्टीचा सराव करून बघा.

सरिता

*

मॉसन लेक्स
२० मार्च

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पार्सल एकाच दिवशी मिळालं. त्याच संध्याकाळी हृषिकेशला घेऊन तळ्यावर गेलो. मी इकडच्या काठावर बाकावर बसलो आणि त्याला म्हटलं, पलीकडे जा आणि वाजव.

तो पलीकडे पोचला. मी वाट बघत बसलो. पोरगं बूट बांधतंय की काय करतंय, म्हणून बघितलं तर त्याचे गाल फुगलेले होते. तेवढ्यात तळ्यातली सगळी बदकं एकदम उडाली. शेजारच्या बाकावरच्या बाईने कानांवर हात ठेवले. कुत्री उभी राहिली. आणि मी, सरिता, तिथे हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

त्याने पुन्हा वाजवली असणार, कारण ती बाई उठून गेली.

तुला खरं सांगतो, कारण आता लपवण्यासारखं उरलं नाही. प्रेस शॉपने कान कधीच खाल्ले होते. जाड आवाज येतात, पुरुषांचे, समोरून आणि सावकाश बोलले तर. बारीक आवाज गेले. तुझा फोनवरचा आवाज गेला, म्हणून फोन फाटतो. उर्वीचा तर पहिल्या दिवसापासून आलाच नाही. मला वाटायचं, पोरगी नुसते ओठ हलवते. ती माझ्याशी बोलत होती. तिच्या बापाबद्दल विचारत होती आणि मी तिला हसून टीव्ही बघत होतो.

पुण्यात कोणाला कळू दिलं नाही. म्हातारा बहिरा झाला म्हटलं की माणसं आपल्याशी बोलायची सोडून आपल्याबद्दल बोलायला लागतात. माझ्या बापाचं असंच झालं होतं. तो शेवटची काही वर्षं जेवायला बसायचा आणि कोणी त्याला काही विचारायचं नाही. म्हणून हसायचं आणि मान हलवायची, हे मी शिकून घेतलं.

हृषिकेशने दुसऱ्या दिवशी कान तपासायला नेलं. मशीन लागेल, पण ते बनून येऊन सवय होईपर्यंत बारा तारीख निघून जाईल.

तेव्हा मी येत नाही. ज्या रानात बार होतात तिथे बहिरा माणूस न्यायचा नसतो. शिकारी कुठल्या बाजूला आहे ते मला कळणार नाही, तुमची शिट्टी कळणार नाही. मागच्या माणसाचं काम ओ देण्याचं. ज्याला ओ देता येत नाही तो मागचा माणूस नव्हे, तो ओझं आहे. तुम्ही तिघं जा. जॅकेट नचिकेतला दे.

आणि स्वयंपाकघरात तू काय विचारलं होतंस? मला ठाऊकच नाही. नळ चालू असेल, तुझी माझ्याकडे पाठ असेल. तू काही बोललीस हेच मला तुझ्या पत्रातून कळलं.

मामा

*

स्कोफिल्ड्स
२७ मार्च

ती. मामांना,
सा. नमस्कार.

हे पत्र सकाळी ट्रेनमध्ये लिहायला घेतलं. पॅरामॅटा कधी आलं ते कळलं नाही, पुढच्या स्टेशनवर उतरून परत यावं लागलं. ऑफिसला उशीर झाला, होऊ दे.

आधी तुम्हाला रागावते. ओझं हा शब्द तुम्ही लिहिलात तो परत घ्या. ज्या माणसाने माझा नवरा दहाव्या वर्षापासून डोंगर चढवला, त्याला मी घरी ठेवून खडकावर जाऊन बसू आणि धपाटे खाऊ? तुम्ही नाही तर आम्ही नाही. उर्वीचंही हेच म्हणणं आहे. तिला मी सगळं सांगितलं. ती खूप रडली आणि मग म्हणाली, “सो ही डझन्ट हेट मी.” नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसली. तुमच्याशी कसं चालायचं याचा बेत तिचा आहे, माझा नाही.

मागची जागा तुम्हाला सोडावी लागेल. तिथे नचिकेत. पुढे मी. मध्ये तुम्ही, आणि तुमच्या डाव्या हाताला उर्वी. तिच्या हातात तुमच्या पाठपिशवीचा पट्टा. एकदा ओढला की थांबायचं, दोनदा ओढला की चालायचं. शिट्टी आमच्यासाठी, पट्टा तुमच्यासाठी. ती कधी सोडणार नाही, असं तिने मला शपथ घेऊन सांगितलंय. नचिकेत म्हणतो, काका मोठ्याने बोलतात ते तर सगळ्यांत सेफ, लांबूनच कळेल की हरीण नाही.

आता स्वयंपाकघरातलं. मला वाटलं होतं ते मी पुन्हा कधी विचारणार नाही. पण आता कागदावर विचारते, म्हणजे नळ आड येणार नाही.

तो गेला तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होता, मी येईपर्यंत थांब. मी थांबले. रोज तुमच्या व्हिसाचं विचारलं. मग एके दिवशी उर्वीने विचारलं, बाबाला तिथे थंडी वाजत असेल का. त्याच दिवशी मी अंत्यसंस्काराची तारीख ठरवली. तुमची वाट बघितली नाही. दाहिनीचं बटण उर्वीने दाबलं. तेरा वर्षांच्या पोरीने.

मी विचारलं होतं, मामा, मी थांबले नाही, तुम्ही मला माफ कराल का.

तुमची,
सरिता

*

मॉसन लेक्स
३ एप्रिल

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद.

खोटं लिहीत नाही. राग आला होता. महिनाभर होता. मी कोणाशी बोललो नाही, तुझं नाव निघालं की उठून जायचो. बहीण आधीच गेलेली, तिचा एकुलता मुलगा, आणि त्याला मी शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. पाठ पाहिली, तोंडही नाही.

मग व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज केला. जून उजाडला तेव्हा मिळाला. त्या दिवशी पासपोर्ट हातात घेऊन बसलो आणि हिशोब सुचला. तू माझं ऐकलं असतंस तर माझा भाचा तोपर्यंत शवागारातल्या त्या थंड खणात पडून राहिला असता आणि तू रोज सकाळी उठून पोरीला शाळेत सोडून त्याच शहरात ऑफिसला गेली असतीस. थांब म्हणताना मी फक्त माझा विचार केला होता. तू शैलेंद्रचा आणि उर्वीचा केलास. तेव्हा राग गेला तो गेला. तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं. मला वाटलं, आपण भेटलो, जेवलो, म्हणजे तुला कळलंच.

माफी तू मागायची नाहीस. तू केलंस तेच बरोबर केलंस. माझ्या बहिणीनेही तेच केलं असतं. हे मी तुला समोरासमोरही सांगीन, पण आधी कागदावर देतो, म्हणजे तुझ्याकडे राहील.

ओझं हा शब्द परत घेतला.

गुरुवारी संध्याकाळच्या विमानाने येतो. हृषिकेश तुला सगळं कळवेल. उर्वीला सांग, पट्टा नवीन घातलाय, जाड आहे, तिच्या हाताला लागणार नाही.

मामा

*

स्कोफिल्ड्स
१५ एप्रिल

ती. मामांना,
सा. नमस्कार.

घरी नीट पोचलात हे हृषिकेशने कळवलं. जॅकेट तुमच्याकडेच राहू दे. परत पाठवू नका.

शनिवारचा दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बार झाला तेव्हा मी पुढे होते. मागे वळले तर तुम्ही आधीच थांबलेले होता. मला त्या क्षणी वाटलं की तुम्हाला ऐकू आला. मग पट्टा दिसला.

एक विचारायचं राहिलं. नचिकेत आणि मी खडकाखाली डबे काढत होतो. तुम्ही दोघं वर होता. वरून एकदम उर्वीची हाक आली आणि मग तुमचा आवाज, एवढा मोठा की नचिकेतच्या हातातून चटणीची बाटली पडली. मी वर येईपर्यंत तुम्ही दोघं समोरच्या झाडांकडे बघत बसला होता. एअरपोर्टवर विचारलं तर तुम्ही बोलला नाहीत. आता कारण माहीत आहे म्हणून मी मोठ्याने, समोर येऊन विचारलं होतं, तरी बोलला नाहीत. उर्वीला विचारलं तर म्हणते, “आस्क हिम.”

म्हणून विचारते.

सरिता

*

मॉसन लेक्स
२१ एप्रिल

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद.

एअरपोर्टवर तुझा प्रश्न नीट ऐकू आला होता. तिथल्या गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागदावर देतो.

बार मला ऐकू आला नाही. पट्टा ओढला गेला, मी थांबलो. तुमच्या तिघांच्याही माना डावीकडे वळल्या, तेवढ्यावरून कळलं कुठे झाला ते. उर्वीने माझी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. पोरगी स्वतः घाबरलेली, आणि तरी मलाच धीर देत होती. मग तू शिट्टी वाजवली असशील, कारण तिने दोनदा ओढलं आणि आम्ही निघालो.

वर पोचल्यावर ती माझ्याशेजारी बसली आणि काहीतरी म्हणाली. जानेवारीत मी हसून मान हलवली असती. या वेळी म्हटलं, “ऐकू आलं नाही. परत सांग.” तिने परत सांगितलं. तेही आलं नाही. मला लाज वाटली, पण पुन्हा म्हटलं, परत सांग. मग ती उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या कानाशी तोंड आणून सावकाश, मराठीत बोलली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती दर एप्रिलला बापाबरोबर तिथे यायची. तो खडकाच्या टोकाशी उभा राहून हाक मारायचा, “मामा होऽऽ”. मग गप्प उभा राहायचा, बराच वेळ. एकदा तिने विचारलं, कशाची वाट बघतोयस. तो म्हणाला, मामाची ओ यायची आहे. पुण्याहून यायची म्हणजे वेळ लागतो. मग हसायचा आणि खाली बसायचा. ती म्हणाली, दर वर्षी तो असंच करायचा, आणि ओ आल्याशिवाय हलायचं नाही असा नियम आहे म्हणायचा, आणि तरी मग उतरायला लागायचं.

तिने विचारलं, “मामाआजोबा, मी मारू हाक?” म्हटलं, मार, पण मला कळणार कसं? तिने विचार केला आणि पट्टा हातात घेतला. म्हणाली, तीनदा ओढलं की ओ द्यायची.

ती टोकाशी गेली नाही, पट्टा सोडायचा नाही म्हणून माझ्याजवळच उभी राहिली. छाती भरून घेतली. तोंड उघडलेलं दिसलं, मान ताणलेली दिसली. समोरच्या झाडांवरून पांढरे पोपट उडाले. मला काही आलं नाही.

मग पट्टा तीनदा ओढला गेला आणि मी ओ दिली.

तुझा,
मुरलीधरमामा